जर्नलमध्ये मुलांकडून स्वतःचं काही लिहून कसं घ्यावं?

लंबकवाली_पुणे
एस.वाय.ची फिजिक्स प्रॅक्टिकल्स घेते. उद्देश, साहित्य, दक्षता, सगळं सिनियरच्या जर्नलमधून उतरवलेलं. बार पेंडुलमवर (दांडीचा लंबक झुलवून गुरुत्व त्वरण g काढतात तो प्रयोग) तर बॅचमधल्या बहुतेकांचा g पुस्तकातला ९८१! पुण्यात तो ९७८ सेंमी प्रति वर्ग सेकंदाच्या आसपास. शिवाय २० आंदोलनांना साधारण ३२ सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले तरी g मध्ये १२ चा फरक पडतो. मग सगळ्यांचा ९८१ येतोच कसा? मला हिशोब नकोय, काय केलं आणि उत्तरावर किती भरवसा ठेवावा हे त्यांच्या शब्दांत हवंय. कुणी करून घेतलंय का?

टीवायवाला
मॅडम, ९८१ आलं नाही तर रीडिंग परत घ्यायला लावतात. पाच वाजता एसटी असते. मग उत्तरावरून वेळ काढायची, अजून काय!

सोडियम_दिवा
हा खरं बोलला. मी 'दक्षता' बाद केली आणि त्याऐवजी पुढच्या बॅचसाठी पानभर चिठ्ठी लिहायला सांगितली. न्यूटन्स रिंग्जवर (भिंग काचेवर ठेवून दिसणारी प्रकाशाची वलयं मोजायची) एका मुलीने लिहिलं होतं: 'मधला ठिपका काळा दिसला नाही तर घाबरू नका, काच पुसा. तरीही उजळच राहिला तर राहू द्या. व्यासांच्या वर्गांचा आलेख काढा, तरंगलांबी चढावरून मिळते, ठिपक्यावरून नाही.' चढ म्हणजे 4Rλ (R भिंगाची वक्रता त्रिज्या, λ तरंगलांबी), धुळीमुळे फट राहिली तरी तो बदलत नाही, हे तिला कळलंय ना! व्हायवात हेच विचारलं असतं तर गप्प बसली असती. पुढची बॅच ती चिठ्ठी समोर ठेवूनच प्रयोग करते आणि जिथे अडते तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढते. चिठ्ठी मग लिहिणाऱ्याकडे परत. माझ्या लाल शाईपेक्षा त्या प्रश्नचिन्हांची धास्ती जास्त, आणि माझं तपासणंही निम्म्यावर आलं.

जुना_परीक्षक
कल्पना चांगली, पण बाहेरून येणारा परीक्षक अनुक्रमणिका आणि सह्याच बघतो. जर्नल सर्टिफाय होईल असंच ठेवा, चिठ्ठी सुट्या कागदावर घ्या. भाषेचे गुण कापू नका, मराठीत लिहिलं तरी चालवून घ्या.

लंबकवाली_पुणे
सुटा कागद पटला. बार पेंडुलमपासूनच सुरू करते. g ९६५ आला तरी चालेल, पण का आला हे लिहिल्याशिवाय सही नाही. @टीवायवाला, एसटी चुकणार नाही, चिठ्ठी घरून लिहून आणायची.