परत न केलेलं पुस्तक (अनुभव धागा : सातारा-सांगली)

कपाट आवरताना परवा एक पुस्तक हाती लागलं. खाकी कापडाची पाठ, चेपलेले कोपरे. पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि मध्येच सतराव्या पानावर वाचनालयाचा जांभळा शिक्का. मागच्या पुठ्ठ्याला तारखांची चिठ्ठी, तिच्यावर शेवटची तारीख १४ जून १९९१. त्याच महिन्यात मी सातारा सोडलं. अनामत वीस रुपये होती. ती मी परत मागितली नाही आणि त्यांनी पुस्तक मागितलं नाही. (खरं सांगायचं तर दोन पोस्टकार्डं आली होती. आईने ती मला कळवलीच नाहीत, असं मी इतकी वर्षं स्वतःलाच सांगत आलोय.)

तर धागा यासाठी. सातारा-सांगलीकडच्या मंडळींनो, वाचनालय, पुस्तकाचं दुकान, एखादं जुनं पुस्तक, यातलं जे डोक्यातून जात नाही ते लिहा. 'वाचनसंस्कृती लोप पावत चालली आहे' हे वाक्य मात्र कृपा करून नको. ते माझ्याकडे पुष्कळ साठलंय.

कमानी हौद :
मी लग्न होऊन साताऱ्यात आले १९८४ साली. आमच्याकडे सुनेने वाचनालयात जाऊन बसायची पद्धत नव्हती, पण वाचनालयच दारात यायचं. मंगळवारी आणि शनिवारी फिरत्या वाचनालयाचे काका सायकलच्या हँडलला दोन पिशव्या अडकवून यायचे. घंटी दोनदा वाजवायचे. एका वेळी दोन मासिकं. गल्लीत सतरा घरं आणि अंक एकच, त्यामुळे आमच्यापर्यंत येईतो शब्दकोडं सोडवलेलं असायचं, तेही चुकीचं.

सासूबाईंना कादंबऱ्यांचा तिटकारा. 'रिकामटेकडेपणा' म्हणायच्या. काकांनी ते एकदा ऐकलं आणि पुढच्या मंगळवारपासून मासिकाच्या पोटात कादंबरी घालून द्यायला लागले. एक शब्द बोलले नाहीत. चार-पाच महिने असं चाललं. मग एका दुपारी माझ्या कादंबरीत, मी वाचत होते त्याच्या बरीच पुढे, जळून उरलेली उदबत्तीची काडी सापडली. आमच्या घरात उदबत्ती एकच माणूस लावायचं.

मी काही बोलले नाही. त्याही नाही. फक्त त्यानंतर मी हळू वाचायला लागले, म्हणजे पुस्तक दोघींचं होऊन परत जायचं.

पुठ्ठा :
मी बाइंडर, मिरजेत. वडीलही हेच करायचे. वाचनालयाचं काम म्हणजे जुजबंदी. जुनी शिवण उसवायची, सोळा-सोळा पानांचे जुज सुटे करायचे, घडीवर फाटलेल्या पानाला पातळ कागदाची पट्टी मारायची, मग दोऱ्यावर शिवून पाठीला खळ आणि मलमल. खळीत मोरचूद घालायचा म्हणजे कसर लागत नाही. जास्त पडला की खळ निळी दिसायची आणि वडील ओरडायचे.

आठवीनंतर शाळा सुटली माझी, पण वाचलंय भरपूर. जुजाजुजाने. पुस्तक उसवलेलं असताना जो जुज हातात येईल तो वाचायचा. एक रहस्यकथा अशी वाचलीय की खून कुणी केला ते ठाऊक आहे, कुणाचा झाला ते आजतागायत नाही. तो जुज आलाच नव्हता.

आता पुराचं सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं गेली ते पेपरात आलंच होतं, पण घरोघरची गेली त्यांची मोजदाद कोण करणार? पाणी ओसरल्यावर लोक पोती घेऊन आले. भिजलेलं पुस्तक फुगतं. कपाटात घट्ट लावलेलं असेल तर फळ्या उचकटून टाकतं, इतकं जोर करतं. माणसं घाईने उन्हात पसरतात, तिथंच चुकतं. पुठ्ठा होडीसारखा वळतो. सावलीत उभं करायचं, वारा खेळता ठेवायचा, थोड्याथोड्या पानांत कोरा कागद घालायचा आणि तो सारखा बदलायचा. दोन दिवस दुर्लक्ष केलं की बुरशी धरलीच. आणि तो गुळगुळीत आर्टपेपर असतो ना, चित्रांच्या पुस्तकांचा, तो चिकटून वाळला की वीटच. त्याला इलाज नाही.

एक रिटायर गुरुजी एकच पुस्तक घेऊन आले. शाई सगळी पसरलेली, पुठ्ठ्याचा लगदा झालेला. म्हटलं, गुरुजी, हे आता वाचता यायचं नाही. म्हणाले, "वाचायचं नाहीच. समासात हिच्या खुणा आहेत, तेवढ्या राहतील असं बघा." ती बाई पेन्सिलीने लिहायची. पेन्सिलीला पाणी काही करत नाही. सगळ्या राहिल्या. त्या कामाचे पैसे मी घेतले, कारण न घेतलेले त्यांना चालले नसते.

वाचूनदमलो :
माझ्या मोबाईलमध्ये दोन हजार पुस्तकं आहेत. वाचलेली चार. पुराची भीती नाही, एवढंच.

गणपती पेठ :
@पुठ्ठा, नमस्कार करतो तुम्हाला. आमच्याकडे पाणी माळ्याच्या दोन पायऱ्या खाली थांबलं. दिवाळी अंकांचे गठ्ठे माळ्यावर होते आणि सर्टिफिकेटं खालच्या कपाटात. वडील अजून म्हणतात, क्रम चुकला, पण बरं झालं.

माणदेशी मास्तर :
डी.एड. करून पहिली नेमणूक आटपाडी तालुक्यात, दोन शिक्षकी शाळा. दुसरे शिक्षक रजेवर, म्हणजे एक शिक्षकीच. व्यंकटेश माडगूळकरांचं माडगूळ तिथून फार लांब नाही. 'बनगरवाडी' १९५५ साली निघाली. मेंढपाळांच्या वस्तीवर आलेला कोवळा मास्तर, तिथली माणसं आणि शेवटी दुष्काळ. मला वाटायचं, हे माझंच लिहिलंय, फक्त माझ्या जन्माआधी.

शाळेच्या ओट्यावर संध्याकाळी एक धनगर आजोबा येऊन बसायचे. त्यांना रोज पाच-सहा पानं वाचून दाखवायला लागलो. ते ऐकताना मध्येमध्ये हरकत घ्यायचे, "ह्ये आसं नसतंय," आणि मग स्वतःचं अर्धा तास सांगायचे. ते लिहून घ्यायला हवं होतं. नाही घेतलं. पुस्तक संपत आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्यो मास्तर ऱ्हातोय का जातोय?" मी म्हटलं, जातो. बराच वेळ बिडी ओढत बसले. मग म्हणाले, "तू बी जाशीलच की."

त्यांना खोटं पाडायचं म्हणून मी सात वर्षं बदलीचा अर्ज केला नाही. आठव्या वर्षी केला. तोवर ते नव्हते.

मेणवली :
वाईत वाढलेल्यांना हे कळेल. मंडईत भेंडीचं टोक मोडून बघणारे एक काका होते. बाबा म्हणाले, "हे विश्वकोशात आहेत." मी सहावीत. मला वाटलं, एवढा मोठा माणूस! शाळेच्या ग्रंथालयात जाऊन विश्वकोशात त्यांचं नाव शोधलं. सापडेना. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, त्या अक्षराचा खंड अजून निघायचाय. पहिला खंड १९७६ चा, पुढचे सावकाश एकेक करून येत होते. मी खरोखर दोन वर्षं वाट पाहिली.

मग कळलं की काका विश्वकोशात 'आहेत' म्हणजे ऑफिसात आहेत. नोंदी तपासतात. लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, आणि त्यांच्या हाताखाली काम करणारी ही माणसं पेठेत आमच्या शेजारी राहायची, नळाला पाणी आलं नाही की आमच्यासारखीच कुरकुरायची. अख्ख्या जगाची माहिती घाटावरच्या एवढ्याशा गावात बसून मराठीत आणली जातेय, याचं तेव्हा कुणालाच अप्रूप नव्हतं. भेंडी मात्र ते काका अत्यंत काटेकोर निवडायचे.

जुना सभासद :
आता वाचनालयात जाऊन बघा. पुस्तकांच्या खोलीला कुलूप आणि अभ्यासिकेत परीक्षावाल्यांची गर्दी. पुस्तकं त्यांची स्वतःचीच, वाचनालयाची फक्त खुर्ची आणि वायफाय. याला वाचनालय म्हणायचं?

खुर्ची नंबर ३४ :
काका, मी त्या गर्दीतला. आमच्या महिन्याच्या फीवरच तिथलं लाइटबिल भरलं जातं, हे तुम्हाला तिथले लिपिकच सांगतील. रागावू नका.

पण अर्धं तुमचं खरं आहे. 'विष्णुदास भावे, सीतास्वयंवर, सांगली, १८४३' हे मी एका मार्कासाठी पाठ केलेलं. एका रात्री डोकं चालेना म्हणून उठलो, मागचं काचेचं कपाट उघडंच होतं, त्यात नाटकाच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक होतं. उभ्याउभ्या वाचायला लागलो. त्या नाटकात पदं सूत्रधार म्हणायचा आणि संवाद लिहिलेलेच नव्हते, पात्रं ऐनवेळी सुचेल ते बोलायची! आणि हे आमच्या गावात, संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या सांगण्यावरून. मी आयुष्यभर त्या भावे नाट्यमंदिरासमोरून सायकल मारतोय, आणि मला फक्त साल ठाऊक होतं.

साडेअकराला वॉचमनने लाइट घालवले तेव्हा भानावर आलो. परीक्षेत तो प्रश्न आला नाही, हे वेगळं सांगायला नको.

जुना सभासद :
रागावलो नाही. कपाट उघडं कसं काय राहिलं पण?

वाळव्याकडचा :
आमचं गाव अण्णाभाऊ साठ्यांच्या वाटेगावपासून सायकलवर जाण्याएवढं. आमच्या वस्तीत पुस्तक एकच होतं, अण्णाभाऊंची 'फकिरा'. माझ्या चुलत्याला वाचता यायचं, बाकीच्यांना नाही. उसाची तोड नसली की रात्री मारुतीच्या देवळामागच्या दिव्याखाली वाचन. ऐकणाऱ्यांना पुढचं सगळं पाठ. चुलत्याने एखादं वाक्य गाळलं तर म्हाताऱ्या बाया ओरडायच्या, "मधलं खाऊ नगंस!"

त्या प्रतीची सुरुवातीची पानं गेलेली. मुखपृष्ठ नाही, काही नाही, गोष्ट एकदम सुरू. मी इस्लामपूरला कॉलेजात गेलो तेव्हा ग्रंथालयात पहिल्यांदा पुरती प्रत हातात आली. १९५९ चं पुस्तक हे तेव्हा कळलं. आणि ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलंय, हेही. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आणि ते फाटकं पुस्तक एकाच फळीवर असायचं. त्या दोघांचा असा संबंध आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ते पान मी वहीत उतरवून घेतलं, रविवारी घरी नेलं आणि चुलत्याच्या हातात दिलं. त्यानं दिव्याखाली नेऊन आधी ते वाचलं, मग गोष्ट.

स्टँडसमोरचा टॅक्सीवाला :
मी पाचगणीत गाडी चालवतो. भिलार ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं, तेव्हापासून टुरिस्ट विचारतात. वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून कल्पना घेतलीय म्हणतात, पण तिकडं जुनी पुस्तकं विकतात, आपल्याकडं लोकांच्या घरात बसून फुकट वाचायची. टुरिस्ट बोर्डापाशी फोटो काढतात, स्ट्रॉबेरी घेतात, वीस मिनिटांत 'चला'. तेवढ्या वेळात मी एका घराच्या पडवीत बसून एक जाड ऐतिहासिक कादंबरी वाचतो. घरी नेता येत नाही, त्यामुळं हप्त्याहप्त्यानं. तिसरा सीझन चालू आहे. घरमालकीण आता खूण काढत नाही आणि विचारत नाही, सरळ चहा ठेवते. पॅसेंजर घाई करणारे निघाले की शिव्या येतात तोंडात, पण गिळतो.

वालचंद, चष्मा :
नाव विचित्र वाटेल म्हणून सांगतो. वालचंद म्हणजे सांगलीतलं माझं इंजिनियरिंग कॉलेज. हरभट रोडला जुनी-नवी पुस्तकं विकणारं एक दुकान होतं. इंजिनियरिंगची पुस्तकं विकायला गेलो आणि कवितांची घेऊन आलो, वर सत्तर रुपये उधारी. मालकांनी नाव विचारलंच नाही. वहीत लिहिलं 'वालचंद, चष्मा'. दोन वर्षांनी नोकरी लागल्यावर फेडायला गेलो. पानं उलटत गेले, तर खाली आणखी चार 'वालचंद, चष्मा'. कुणाची कुठली ते त्यांनाही सांगता येईना. मी सगळ्यांची फेडली. २१५ रुपये झाले.

धागाकर्ता :
सगळ्यांचे आभार. तुमचं वाचून लाज वाटली आणि शनिवारी पुस्तक घेऊन साताऱ्याला गेलो. काउंटरवर तिशीतली एक मुलगी होती. माझी चौतीस वर्षांची कबुली तिने शांतपणे ऐकली, दंडाचा हिशोब करायला मी पाकीट काढलं तर थांबा म्हणाली. पुस्तकावरचा दाखल क्रमांक बघून आतून जुनी नोंदवही आणली. हातभर लांब, कडा वाळवीने खाल्लेल्या. बोट फिरवत त्या ओळीपाशी आली. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने 'गहाळ, रद्द'.

"काका, हे पुस्तक आमच्याकडे नाहीच आहे," ती म्हणाली. "रद्द झालेलं परत जमा नाही करता येत. भेट म्हणून दिलंत तर घेते, नव्या नंबरावर."

दिलं. तिने भेटपुस्तकाची पावती केली, जुन्या जांभळ्या शिक्क्याशेजारी नवा निळा मारला. सतराव्या पानावरही. ते पान कुठलं हे मी तिला सांगितलं नव्हतं.

मग मी सहज म्हटलं, वाचायचं राहिलंच होतं माझं, आठवडाभर नेऊ का? ती म्हणाली, "आधी सभासद व्हा. अनामत पाचशे."