सातव्या तारेचा तो खर्ज

न्यू-मेटल (हेवी मेटलमध्ये रॅप वगैरे मिसळलेलं रॉक) म्हणजे पोरवयातला नुसता आरडाओरडा, वय वाढलं की ऐकवत नाही, हे मला अजिबात पटत नाही. परवाच कॉर्न या बँडचा १९९४चा पहिला अल्बम हेडफोन लावून सलग ऐकला. सात तारांची गिटार, तीही एक पूर्ण स्वर खाली उतरवलेली, आणि तारा ठोकून वाजवलेला फिल्डीचा बेस, म्हणजे खर्जातली गिटार. तो बेस सुरापेक्षा टकटकीसारखाच जास्त ऐकू येतो. शेवटच्या गाण्यात गायक जोनाथन डेव्हिस लहानपणी झालेल्या अत्याचाराबद्दल गाता गाता खरोखर कोसळून रडतो, आणि ते रडणं तसंच ठेवलंय. याला आरडाओरडा कसं म्हणणार?

लिंकिन पार्क या बँडचा 'हायब्रिड थिअरी' हा अल्बम आला २००० साली. त्यात एकही शिवी नाही, हे तेव्हा लक्षातही आलं नव्हतं. माइक शिनोदाचं मोजूनमापून रॅप आणि मागून गायक चेस्टर बेनिंग्टनचा फाटत जाणारा आवाज! मी गाण्यांचे शब्द वहीच्या मागच्या पानांवर उतरवून काढायचो, पेन इतकं दाबून की पलीकडच्या पानावर अक्षरं उमटायची. घरात कुणाला सांगता न येणारं सगळं त्या शब्दांत होतं.

२०१७ला चेस्टर गेला, त्यानंतर कितीतरी दिवस मी हा अल्बम लावलाच नाही. आता लावतो. किंचाळीच्या आधी तो श्वास घेतो ना, तिथे अजूनही अंगावर काटा येतो.