मदत हवी आहे: बीएस-६ टिपरला सिंथेटिक ऑइल घातलं तर बदलायचं किती तासांनी?

डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेला टिपर, काम खडी-क्रशरवर. निम्मा वेळ इंजिन जागेवरच चालू, म्हणून किलोमीटर नव्हे, इंजिन-तास धरायचे. सध्या १५डब्ल्यू-४० (घट्टपणाचा ग्रेड) सीके-४ (डिझेल इंजिन ऑइलचा दर्जा) मिनरल ऑइल. सीआय-४ प्लस हा जुना दर्जा नकोच; त्यात राख जास्त, ती डीपीएफमध्ये साठते आणि रीजनरेशनने (फिल्टरमधली काजळी जाळून तो साफ करणं) जळत नाही.

१०डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक, तेही कंपनीच्या मंजुरीचं, घातलं तर मुदत खरंच वाढवता येईल का? शंका एवढीच की रीजनरेशन वारंवार अर्धवट राहिलं की डिझेल ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर पातळी चढते, मग सिंथेटिकही पातळ पडतंच. १०० अंशांवर व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) १२.५ सेंटिस्टोकच्या खाली किंवा टीबीएन (ऑइलची आम्ल मारायची ताकद) निम्म्यावर आला की बदलायचं, असं ठरवलंय.

अशा कामावर ऑइलचे नमुने लॅबमध्ये तपासले असतील त्यांनी टीबीएन, काजळी आणि (इंजिनच्या झिजेतून येणाऱ्या) लोखंडाचे आकडे तासांसह कळवा.