शब्दचर्चा : ‘बँडवॅगन फॅन’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्नकर्ता :
फुटबॉलवर एक लेख लिहितो आहे. विषय जुनाच. वर्षानुवर्षे एका क्लबामागे उभे असलेले लोक आणि क्लब जिंकायला लागल्यावर जमा झालेले लोक, यांच्यातली धुसफूस. दुसऱ्या गटासाठी इंग्रजीत बँडवॅगन फॅन, ग्लोरी हंटर, प्लास्टिक फॅन असे शेलके शब्द आहेत. मराठीत ‘संधिसाधू’ लिहिलं की पक्ष बदललेला पुढारी डोळ्यांसमोर येतो, ‘नवे चाहते’ लिहिलं की टोमणाच गळून पडतो. पहिल्या गटाला सर्रास ‘कट्टर’ म्हणतात, पण त्यात निष्ठेपेक्षा हाणामारीच जास्त ऐकू येते. माझं वाक्य असं आहे : ‘क्लबाने करंडक जिंकला आणि स्टेडियमबाहेर ........ गर्दी झाली.’ गाळलेली जागा भरा.

प्रतिसाद :
वरातीमागून घोडे. विषय संपला.

प्रतिसाद :
कसला संपला! वरातीमागून घोडे म्हणजे वेळ टळून गेल्यावरची धावपळ. बँडवॅगनवाला उशिरा येतच नाही, तो बरोबर वाजंत्री सुरू झाल्यावर हजर होतो. मूळ गाडीच तशी होती. १९व्या शतकात अमेरिकेतल्या सर्कशींच्या मिरवणुकीत वाजंत्र्यांची सजवलेली गाडी असायची. पुढे प्रचारातही असल्या गाड्या आल्या, त्यावर चढून मिरवायची चढाओढ लागली आणि ‘बँडवॅगनवर उडी मारणे’ हा वाक्प्रचार रुळला. तेव्हा वरात म्हणा हवं तर, पण घोडे नकोत. नवरदेवाचं नाव माहीत नसताना वरातीत घुसून नाचणारा तो हा.

प्रतिसाद :
‘जिकडे खोबरं तिकडे चांगभलं’ यात सगळं आलं की. अडचण एवढीच, ती म्हण आहे; गाळलेल्या जागेत बसणार नाही.

प्रतिसाद :
हौशे-नवशे-गवशे विसरलात का? त्यातले नवशे उचला. नव्याने आले ते नवशे. नव्याचे नऊ दिवस हेही त्यात आपसूक आलं.

प्रतिसाद :
थांबा थांबा. ‘नवशे’चा ‘नव्या’शी संबंध नाही. तो शब्द नवसावरून आलाय. जत्रेला हौशे येतात मजा म्हणून, नवशे येतात नवसापोटी, आणि गवशे येतात काही गवसतंय का ते बघायला. आता हे फुटबॉलच्या मैदानावर आणा, सगळं उलटं होतं. नवशे म्हणजे तुमचे जुने लोक! देव पावो न पावो, दर शनिवारी पायरीवर हजर.

मँचेस्टर सिटीचंच घ्या. आज ‘प्लास्टिक’ हा शिक्का ज्यांच्या कपाळी सर्रास मारला जातो त्यांत हा क्लब वरच्या ओळीत आहे. पण १९९८-९९ च्या हंगामात सिटी इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत खेळत होता आणि तरीही घरच्या सामन्यांना सरासरी २८ हजारांच्या आसपास लोक येत होते. त्या हंगामाचा शेवट लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर, ३० मे १९९९ ला, जिलिंगहॅमविरुद्धच्या बढतीच्या निर्णायक सामन्यात. चारच दिवस आधी त्याच शहरातल्या युनायटेडने चॅम्पियन्स लीग जिंकून तिहेरी मुकुट पुरा केला होता, म्हणजे जखमेवर मीठ तयारच. शेवटची काही मिनिटं उरली असताना सिटी ०-२ मागे. काही लोक उठून बाहेरही पडले. मग हॉरलॉकने एक गोल केला, जादा मिळालेल्या वेळेत डिकॉव्हने दुसरा, आणि पेनल्टींवर सिटी वरच्या श्रेणीत गेला. अबुधाबीच्या मालकांचा पैसा आला तो २००८ मध्ये.

आता प्रतिस्पर्धी प्रेक्षक सिटीला उद्देशून गातात, त्या गाण्याचा सभ्य मराठीतला आशय असा : तुमचा संघ टुकार होता तेव्हा तुम्ही कुठे होतात? त्या २८ हजारांकडे याचं उत्तर आहे. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर २०१२ च्या विजेतेपदानंतर येऊन बसलेल्याकडे नाही. गाणं मात्र दोघांनाही एकाच मापाने मोजतं, आणि जुन्याला झोंबतं ते त्यामुळेच.

आणि वेम्बलीवरून उठून गेलेल्यांना काय म्हणायचं? मी तरी त्यांना गवशे म्हणणार नाही. वर्षानुवर्षे नवस फेडूनही माणूस एखाद दिवशी देवाला शिव्या घालून घरी निघतो.

प्रश्नकर्ता :
हे पटलं. पण मग जो खरोखर नवा आहे, ऑफसाइडचा नियम अजून विचारून घेतो, पण मन लावून बघतो, तो तिघांपैकी कोण?

प्रतिसाद :
हौशा. त्यात वाईट काय आहे? सगळे नवशे कधीतरी हौशेच होते. कुणी बापाच्या खांद्यावर बसून आला, कुणी टीव्हीवर एक फ्री-किक बघून. एखाद्या हरलेल्या हंगामातून तावूनसुलाखून निघाला की झाला नवशा. बँडवॅगन या शब्दाची खोट इथेच आहे. तो माणूस कधी आला तेवढंच बघतो, कशासाठी आला ते बघतच नाही.

प्रतिसाद :
इतकं गोड करू नका. मी जुन्यांच्या बाजूचा आहे आणि आमचं दुखणं ‘तुम्ही नंतर आलात’ इतकं साधं नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्याचा राग येतो.

प्रत्यक्षात काय होतं बघा. क्लब वर आला की तिकीट मिळेनासं होतं. मागच्या सामन्यांच्या हजेरीवर क्लब देतो ते गुण नसतील तर मोठ्या क्लबच्या परगावच्या सामन्याला तुमचा नंबर लागणं मुश्कील. घरच्या सामन्याला मात्र महागडं आदरातिथ्याचं पॅकेज घेऊन कुणीही पुढच्या रांगेत बसू शकतो. आणि येताना तो गळ्यात काय घालून येतो? अर्धा-अर्धा मफलर. एका टोकाला आपला क्लब, दुसऱ्या टोकाला समोरचा, मध्ये सामन्याची तारीख. स्टेडियमबाहेर विकायला असतो तो. जुन्या प्रेक्षकाला या मफलरची जेवढी चीड आहे तेवढी समोरच्या संघाचीही नसेल. कॉर्नर मिळतो, आख्खा स्टँड उभा राहून गायला लागतो आणि या गृहस्थाचा हात वर जातो तो फोन धरायला. कॉर्नर त्याला स्क्रीनवर दिसतो, गाणं येत नाही म्हणून ओठ मिटलेले. एकटा असेल तर खपून जातं. एका रांगेत असे आठ बसले की गाणं त्या रांगेशी येऊन मरतं.

पैशांचं दुखणं वेगळंच. २०१६ मध्ये लिव्हरपूलने जाहीर केलं की नव्या मेन स्टँडमधलं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांना पडेल. ६ फेब्रुवारीला सँडरलंडविरुद्ध ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले. लिव्हरपूल तेव्हा २-० पुढे होता. उरलेल्या वेळात सँडरलंडने दोन गोल केले आणि सामना २-२ सुटला. काही दिवसांत क्लबाने माफी मागून तो दर मागे घेतला. उठून गेलेले लोक कोण होते? त्यांना तुमच्या यादीत कुठे बसवता?

प्रतिसाद :
नवशेच की, भाऊ. पण तुमच्याच उदाहरणावरून एक विचारतो. ७७ पौंड कुणी ठरवले? नव्या प्रेक्षकाने नाही, क्लबाने. मालक शेजारच्या खुर्चीवर सापडत नाही म्हणून राग मफलरवाल्यावर निघतो. मँचेस्टर युनायटेडचा तेव्हाचा कर्णधार रॉय कीन याने २००० साली आपल्याच क्लबच्या प्रेक्षकांना कोळंबी सँडविचवरून टोला हाणला होता, तोही खाण्यापिण्यात रमलेल्या, मैदानावर काय चाललंय याचा पत्ता नसलेल्या लोकांना. तिथे नव्या-जुन्याचा प्रश्नच नव्हता. त्या खुर्चीत २० वर्षं बसलेला माणूसही सँडविचवालाच असू शकतो.

प्रतिसाद :
आणि रेक्सम? वेल्समधला हा क्लब २००८ मध्ये पाचव्या श्रेणीत घसरला आणि १५ वर्षं तिथेच अडकला. २०११ पासून तो चाहत्यांच्या ट्रस्टच्या मालकीचा होता. म्हणजे क्लब जगवला तो नवशांनीच. मग रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकेल्हेनी हे दोन अभिनेते आले. त्यांना क्लब द्यायचा का, यावर २०२० मध्ये ट्रस्टच्या सभासदांचं मतदान झालं, आणि ९८ टक्क्यांहून जास्त मतं ‘द्या’ अशी पडली. पुढे माहितीपट मालिका, जगभरातून नवे चाहते, आणि २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं बढती.

त्या मतदारांना काय येणार आहे याची कल्पना नसेल असं मला वाटत नाही. गर्दी होणार, तिकिटं दुर्मीळ होणार, टीव्हीवर बघून भाळलेले लोक अर्ध्या जगातून येणार. तरी त्यांनी दार उघडलं. आतून उघडलेल्या दाराने आलेल्याला घुसखोर कसं म्हणायचं?

प्रतिसाद :
विषयांतर होतंय, पण चर्चा शब्दांची आहे म्हणून भर घालतो. इटलीत चाहत्याला ‘तिफोसो’ म्हणतात आणि त्या ‘तिफो’चा मूळ अर्थ टायफसचा ताप. ब्राझीलमधला ‘तोर्सेदोर’ म्हणजे पिळणारा. सामना रंगात आला की हातातला रुमाल पिळायचे म्हणून, असं सांगतात. स्पॅनिशमधला ‘इंचा’ उरुग्वेतून आला. नासिओनाल क्लबात चेंडूत हवा भरणारा एक माणूस काठावरून गळा फाटेस्तोवर ओरडायचा, त्याच्यावरून ते नाव पडलं अशी कथा आहे. ‘फॅन’ तर ‘फॅनॅटिक’चंच शेपूट तोडलेलं रूप. जर्मन मंडळींनी मात्र बँडवॅगनवाल्याला सरळ ‘यश-चाहता’ या अर्थाचा जोडशब्द करून टाकलाय : एरफोल्ग्सफॅन. रोखठोक.

प्रतिसाद :
‘यशचाहते’ मराठीत नको. सत्कार समारंभाची निमंत्रणपत्रिका वाटते.
जुन्यांसाठी ‘पाठीराखे’ का कुणी घेत नाही? वर्तमानपत्रांनी सरसकट सगळ्या प्रेक्षकांना लावून तो पार गुळगुळीत केलाय, पण मूळ अर्थ बघा, पाठ राखणारा. ओवीतली बहीण भावाला पाठीराखा म्हणते ती तो अडचणीत धावून येतो म्हणून. संघ जिंकत असताना पाठ राखायची गरजच कुठे असते?

प्रश्नकर्ता :
मजकुरात ‘पाठीराखे’ घेतो, टोमण्याच्या जागी ‘गवशे’. वाक्य आता असं : ‘क्लबाने करंडक जिंकला आणि स्टेडियमबाहेर हौशा-गवशांची गर्दी झाली. नवशे आधीपासूनच आत होते.’ ‘नवशे’ म्हणजे नवे असा घोळ होऊ नये म्हणून आधीच्या परिच्छेदात नवसाचा उल्लेख करून ठेवतो.

प्रतिसाद :
वाक्य झकास. एकच शंका. ‘गवशे’ मी कायम अनेकवचनात आणि तिघांच्या जोडीनेच ऐकलाय. एकट्या माणसाला ‘तू गवशा आहेस’ म्हटलं तर त्याला कळेल का?

प्रतिसाद :
नाही कळणार. त्याला ‘चांगभल्या’ म्हणा. कळेलही आणि लागेलही.