अमेरिकेत सीएए व्हायचं आहे : मिरजेच्या अ‍ॅनेस्थेशिया टेक्निशियनला मदत हवी आहे

नमस्कार. मजकूर मोठा झाला आहे, पण घरची परिस्थिती सांगितल्याशिवाय नेमका सल्ला मिळणार नाही, म्हणून सगळंच लिहिते. सीएए म्हणजे भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष भूल देणारं अमेरिकेतलं पद.

मी मूळची मिरजेची. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकलची पदवी केली, विषय अ‍ॅनेस्थेशिया टेक्निशियन. तीन वर्षं अभ्यासाची, पुढे इंटर्नशिप. मग सात वर्षं मिरज-सांगलीत ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये काम केलं. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे ओहायोत आले, क्लीव्हलंडजवळ. मी एच-४ वर, म्हणजे त्याच्या एच-१ या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे. त्याची आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीनं केलेला अर्ज, मंजूर असल्यानं मला वर्क परमिट मिळालं आणि दोन वर्षांपासून इथल्या एका हॉस्पिटलात टेक्निशियनचंच काम करते. मुलगी पाच वर्षांची आहे, माझं वय ३३.

मिरजेला माझा दिवस आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमच्या आधी अर्धा तास सुरू व्हायचा. मशीनची लीक टेस्ट, सक्शन चालू आहे का, कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडालाईम जांभळा पडलाय का, लॅरिंगोस्कोपचा दिवा नीट लागतो का. श्वासनळीत घालायच्या ट्यूबचा कफ, म्हणजे टोकाजवळचा फुगा, दहा सीसीच्या सिरींजनं फुगवून पाण्यात धरायचा, बुडबुडा आला तर ट्यूब बाद. बाजूला एक साईज लहान ट्यूब आणि बूजी, म्हणजे ट्यूबला वाट दाखवणारी लवचीक कांडी, काढून ठेवायची. सिरींजवर चिकटपट्टी लावून नावं लिहायची : प्रोपोफॉल, स्कोलिन, अ‍ॅट्राक्युरियम, अ‍ॅट्रोपिन.

एकदा रात्री दोनला इमर्जन्सी सिझर आलं. बाईंची मान आखूड, वजन जास्त. स्पायनलला वेळ नव्हता. मी गळ्यावरचं क्रिकॉइड कूर्चा दाबून उभी होते. मॅडमना स्वरतंतू दिसेनात आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा, सॅच्युरेशनचा टोन खाली उतरायला लागला. आवाज ऐकूनच कळतं, स्क्रीनकडे बघावं लागत नाही. मॅडमनी मागायच्या आत मी मोकळ्या हातानं बूजी पुढे केली. ती गेली, तिच्यावरून ट्यूब गेली, टोन परत वर चढला. नंतर मॅडम म्हणाल्या, "तुला एअरवे कळतो गं." एअरवे म्हणजे श्वासाचा मार्ग. ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे. पण ट्यूब घालायचा अधिकार मला नव्हता आणि नसणंच योग्य होतं. माझं तेवढं शिक्षण झालं नव्हतं.

इथे कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्याहून लहान दिसणारी एक मुलगी पेशंटच्या डोक्याशी उभी राहून इंट्युबेट करताना, म्हणजे श्वासनळीत ट्यूब घालताना पाहिली. मला ती डॉक्टर वाटली. तिच्या बॅजवर सीएए लिहिलेलं होतं, म्हणजे सर्टिफाईड अ‍ॅनेस्थेसिऑलॉजिस्ट असिस्टंट. भूलतज्ज्ञ इंडक्शनला, म्हणजे भूल चढवताना, शेजारी होते, नंतर दुसऱ्या खोलीत गेले. पुढचे अडीच तास गॅस, औषधं, प्रेशर, फ्लुइड सगळं तिनंच सांभाळलं. त्या रात्री घरी येऊन मी या कामाबद्दल वाचायला बसले.

हे पद कुठून आलं ते वाचून मला विशेष वाटलं. १९६०च्या दशकात भूलतज्ज्ञ कमी पडत होते. तेव्हा ग्रेव्हनस्टीन, स्टाइनहाउस आणि व्होल्पिट्टो या तीन भूलतज्ज्ञांनी कोणतं काम कोण करू शकेल याचा अभ्यास केला. प्री-मेडचे, म्हणजे मेडिकलच्या आधी लागणारे विषय शिकलेल्या पदवीधराला थेट भुलीचं सखोल शिक्षण द्यायचं, अशी त्यांची कल्पना. १९६९ मध्ये दोन ठिकाणी अभ्यासक्रम सुरू झाले. एक अटलांटाच्या एमरी विद्यापीठात आणि दुसरा इथे क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्हमध्ये, माझ्या घरापासून चाळीस मिनिटांवर. आज ही मास्टर्स डिग्री आहे, साधारण २४ ते २८ महिन्यांची, क्लिनिकलचे दोन हजारांहून जास्त तास. मग एनसीसीएए या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची परीक्षा आणि त्यानंतर राज्याचं लायसन्स.

आता अडचणी.

पहिली घरातलीच. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "असिस्टंटच होतीस ना? परत असिस्टंट व्हायला एवढं कर्ज काढायचं?" तिचं चुकत नाही, शब्द तोच आहे. आपल्याकडे २०२१च्या अलाईड हेल्थकेअर कायद्याच्या यादीतही अ‍ॅनेस्थेशिया असिस्टंट आणि टेक्नॉलॉजिस्ट हे शब्द आहेत, पण त्या माणसाचं काम वेगळं. तिथे आम्ही तयारी करून देतो, इथला सीएए भुलीच्या डॉक्टरांच्या हाताखाली प्रत्यक्ष भूल देतो. आईला हा फरक कसा समजावू तेही सुचवा, कारण मुलीला सांभाळायला तिनं इथे यावं अशी माझी इच्छा आहे आणि तिला पटल्याशिवाय ती येणार नाही.

दुसरी अडचण डिग्रीची. बीपीएमटी इथल्या चार वर्षांच्या बॅचलर्सच्या बरोबरीची धरतील का? परदेशी पदव्या तपासणाऱ्या डब्ल्यूईएस संस्थेकडून कोर्स-बाय-कोर्स मूल्यांकन करून घ्यायचं म्हणते आहे. ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, कॅल्क्युलस माझ्याकडे डिग्रीच्या पातळीवर नाहीतच.

तिसरी सर्वात मोठी. नवऱ्याला न्यू जर्सीतून चांगली ऑफर आली आहे आणि न्यू जर्सीत सीएएला कामाची परवानगी नाही. कॅलिफोर्नियातही नाही. तो म्हणतो, तू ठरव, मी ऑफर सोडतो. पण ग्रीन कार्डच्या रांगेत असताना त्याला एका राज्याला बांधून ठेवणं मला बरं वाटत नाही. जे लायसन्स राज्याची सीमा ओलांडली की कागद होतं, त्यासाठी दोन-तीन माणसांचं आयुष्य जुळवून घ्यायचं का?

कोणी सीएए असेल, कोणाच्या घरात असेल, तर कृपया लिहा.

प्रतिसाद : पीचट्री

ताई, मी अटलांटात सीएए आहे, मूळचा नगरचा. तुमचं वाचून राहवलं नाही.

डिग्रीचं आधी. मूल्यांकनात काय येतं ते येईल, पण त्यासाठी थांबू नका. तीन वर्षांच्या डिग्रीला कधी कधी पूर्ण बॅचलर्स धरत नाहीत. तुमच्या इंटर्नशिपचे तास आणि विषय विद्यापीठाच्या अधिकृत ट्रान्सक्रिप्टवर स्वतंत्र दिसले पाहिजेत. नाशिकहून ते बंद पाकिटात थेट पाठवायला लावा, यात महिने जातात. क्रेडिट्स कमी पडली तर ती आणि प्रीरिक्विझिट, म्हणजे प्रवेशाआधी लागणारे विषय, दोन्ही कम्युनिटी कॉलेजात एकत्र भरून निघतात. जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, बायोकेम, फिजिक्स, अ‍ॅनाटमी-फिजिऑलॉजी, स्टॅट्स, कॅल्क्युलस. लॅबसकट घ्या. नोकरी करत करत दीड-दोन वर्षं धरा. ऑनलाइन लॅब घेण्याआधी ज्या कॉलेजात अर्ज करणार त्यांना ईमेल करून लेखी उत्तर घ्या. प्रवेशपरीक्षा एमकॅट की जीआरई हे कॉलेजावर आहे, काही दोन्ही चालवतात.

कामाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. आम्ही स्वतंत्र नसतो आणि होणारही नाही. मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या नियमाप्रमाणे एक भूलतज्ज्ञ एका वेळी जास्तीत जास्त चार खोल्यांचं मेडिकल डायरेक्शन, म्हणजे देखरेख करतो. पेशंट आधी तपासणं, प्लॅन ठरवणं, इंडक्शन आणि इमर्जन्सच्या (भूल उतरण्याच्या) वेळी हजर असणं, मध्ये मध्ये येऊन बघणं, हे त्याला करावंच लागतं. ज्याला एकट्यानं निर्णय घ्यायचे आहेत तो इथे कुढत राहतो. मला मात्र टीममध्ये बरं वाटतं. प्रेशर पडलं की मी औषध देतो आणि त्याच वेळी डॉक्टरांना फोन करतो, यात मला कमीपणा वाटत नाही.

आईंना सांगा, आजवर तुमची मुलगी सुरी-काटे मांडून द्यायची, आता स्वयंपाक करणार आहे, मुख्य आचारी देखरेखीला असेल. माझ्या आजीला असंच सांगितलं होतं, तिला लगेच समजलं.

प्रतिसाद : निशिगंध

मी वेगळं सांगते, राग मानू नकोस. माझी जाऊ सीआरएनए आहे, म्हणजे नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट. ते लायसन्स पन्नासही राज्यांत मिळतं. न्यू जर्सी असो की कॅलिफोर्निया, नवऱ्याच्या नोकरीची चिंता नाही. बऱ्याच राज्यांत त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीची अटही नसते. तुझी मुख्य अडचण राज्याची असेल तर नर्सिंगचा रस्ता बघ. अ‍ॅक्सलरेटेड बीएसएन (नर्सिंगची पदवी), मग किमान एक वर्ष आयसीयू, मग तीन वर्षांची डॉक्टरेट. आता नवीन येणाऱ्यांना डॉक्टरेटच करावी लागते.

मूळ लेखिका

निशिगंधताई, राग कसला, हेच मी रात्री वहीत मांडून बघते. प्रीरिक्विझिट धरून तो रस्ता सात-आठ वर्षांचा होतो, म्हणजे मी चाळिशी ओलांडते. वयाचं मला एवढं नाही. पण नर्सिंग हे स्वतंत्र, मोठं काम आहे आणि माझं मन त्यात नाही, फक्त पायरी म्हणून ते करणं मला पेशंटच्या दृष्टीनं बरोबर वाटत नाही. मला डोक्याशीच उभं राहायचं आहे.

पीचट्रीदादा, आईला तुमचं उदाहरण सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हणजे गॅस तुझ्या हातात." मी हो म्हटलं. तिनं पासपोर्ट कधी संपतो ते बघितलं.

प्रतिसाद : डॉ. रानवारा

मी इंग्लंडमध्ये भूलतज्ज्ञ आहे. इथलं सांगतो म्हणजे या पदाभोवतीचे वाद लक्षात येतील. इथे त्यांना अ‍ॅनेस्थेशिया असोसिएट म्हणत. डिसेंबर २०२४ पासून त्यांची नोंदणी जनरल मेडिकल कौन्सिलकडे आली. जुलै २०२५ मध्ये लेंग रिव्ह्यूनं सांगितलं की असोसिएट शब्दानं पेशंटचा गोंधळ होतो, नाव फिजिशियन असिस्टंट इन अ‍ॅनेस्थेशिया करा. म्हणजे आपल्या आईंना जो प्रश्न पडला तोच इथे सरकारी अहवालात आला.

माझं मत स्पष्ट आहे. देखरेख खरी असेल तर हे काम सुरक्षित आणि मोलाचं आहे. म्हणून नोकरी निवडताना पगाराआधी विचारा की रात्री दोनला भूलतज्ज्ञ इमारतीत असतो का. आणि कधी कायमचं मिरजेला परतायचं असेल तर लक्षात घ्या, भारतात भूल द्यायचा अधिकार डॉक्टरचाच आहे, तिथे या लायसन्सवर आपल्याला ते काम करता येणार नाही. आपण बूजी न मागता पुढे केलीत, ते वाचून माझ्या इथल्या ओडीपीला, म्हणजे तुमच्यासारखीच तयारी करून देणाऱ्या ओटीतल्या सहकाऱ्याला, दाखवावंसं वाटलं.

प्रतिसाद : हडसनकाठ

पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. एच-४ वर शिकायला एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) लागत नाही, ते सोपं. पण फेडरल लोन मिळत नाही. खासगी कर्जाला सहसा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जामीन लागतो. फीच बहुतेक ठिकाणी लाख डॉलरच्या वर जाते आणि क्लिनिकल सुरू झालं की नोकरी शक्य नसते. शिवाय तुमचं वर्क परमिट नवऱ्याच्या एच-१वर टांगलेलं आहे. शिकून झाल्यावर विद्यापीठाशी संलग्न ना-नफा हॉस्पिटल एच-१ देत असेल तर ते लॉटरीत येत नाही, हे ध्यानात ठेवा आणि वकिलाशी एकदा बसा.

राज्यांचं म्हणाल तर यादी वाढते आहे. नेवाडानं २०२३ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्यानं २०२४ मध्ये कायदा केला. फ्लोरिडा, जॉर्जिया, कोलोरॅडो, डीसी आधीपासून आहेत. टेक्सासमध्ये लायसन्स नाही, डॉक्टरनं काम सोपवायच्या तत्त्वावर चालतं, आणि तिथे आयटीच्या नोकऱ्या भरपूर आहेत. नवऱ्यानं न्यू जर्सीला नकार दिला म्हणजे तो ओहायोतच अडकला असं नाही. त्याला ऑस्टिन, डॅलस, ह्यूस्टन बघायला सांगा.

मूळ लेखिका

टेक्सासचं लक्षातच आलं नव्हतं. काल रात्री आम्ही दोघांनी नकाशा काढून राज्यं रंगवली, मुलीनं फ्लोरिडा स्वतः रंगवला. नवरा न्यू जर्सीला नाही कळवतो आहे. मी त्याला आठवडाभर थांबायला सांगितलं होतं, तो म्हणाला, थांबून तू वेगळं ठरवणार आहेस का? नव्हते ठरवणार.

मिरजेला मैत्रिणीला फोन केला आहे, ती ट्रान्सक्रिप्टसाठी सोमवारी कॉलेजात जाते आहे. इथे आमच्या चीफ सीएएला विचारलं. गुरुवारी माझी सुट्टी आहे, त्या दिवशी त्यांच्याबरोबर आठ तास शॅडोइंग, म्हणजे सोबत राहून काम बघायची परवानगी मिळाली. अर्जाला ते तास लागतातच. दोन वर्षं मी त्याच ओटीत ट्रॉली भरते, पण त्या दिवशी पहिल्यांदाच फक्त बघायला उभी राहीन.

एक शेवटचं. फिजिक्स आणि जनरल केमिस्ट्री एकाच सेमिस्टरला लॅबसकट, चाळीस तासांच्या नोकरीबरोबर कोणी केलं आहे का? नोंदणी पंधरा तारखेला बंद होते. कोणी केलं असेल तर आठवड्याचे वार कसे बसवले तेवढं लिहा.