काँटेंडरसाठी घरी काडतुसं भरायचीत, सुरुवात कशी करू?

टेक्सासात राहतो, मित्राकडून जुनं थॉम्प्सन सेंटर काँटेंडर (एका वेळी एकच काडतूस घेणारं पिस्तूल) घेतलंय, 14 इंची बॅरल, कॅलिबर थर्टी-थर्टी. हरणाच्या सीझनआधी स्वतः काडतुसं भरायची म्हणतोय. काडतुसं भरायला साधा सिंगल स्टेज प्रेस (हाताने दाबायचं यंत्र) पुरेल का?

↳ पुरेल की! उलट नवख्याला तोच बरा, एका वेळी एकच काम. पण आधी रीलोडिंग मॅन्युअल घे आणि त्यात काँटेंडरचा वेगळा तक्ता असेल तोच बघ, सुरुवातीच्या लोडपासून (पावडरच्या प्रमाणापासून) हळूहळू वर जा. गंमत म्हणजे लिव्हर रायफलीत काडतुसं मॅगझिनच्या नळीत एकामागे एक बसतात म्हणून टोक चपटं लागतं, तुझ्यात ती भानगडच नाही, टोकदार बुलेट बिनधास्त चालते. फक्त मऊ, कमी वेगातही फुलणारी घे.

↳ साइझिंग डाय (वापरलेली केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, पुन्हा मापात आणणारा साचा) गरजेपेक्षा खाली नको लावूस रे, केसचा खांदा फार मागे गेला की ती बुडाशी चिरते, माझ्या तीन केसवर चकाकती रेघ आली तेव्हा कळलं. आणि पावडर भरल्यावर प्रत्येक केसमधे टॉर्च मारून बघ, मी एकदा बायकोशी बोलता बोलता एकीत डबल भरली होती, टॉर्चमुळेच दिसली.

↳ भाऊ, टीव्ही पण बंद ठेव 😄