स्पेलचेकला रायटर कोसळतो: प्रोफाईल उडवायची की आधी शब्दकोश तपासायचा?

खिळाजोडारी
लिब्रेऑफिस रायटरमध्ये मराठी मजकूर उघडला, शुद्धलेखन तपासायला एफ ७ दाबलं किंवा लाल नागमोडी रेघेवर राइट-क्लिक केलं, की खिडकीच गायब. पुन्हा उघडल्यावर ‘डॉक्युमेंट रिकव्हरी’ हजर. या दुखण्यावर सगळीकडे एकच मात्रा उगाळून देतात: युजर प्रोफाईल (रायटर तुमची सेटिंग्ज ठेवतो तो फोल्डर) रीसेट करा. माझा या सल्ल्याला विरोध आहे. गुण येत नाही असं नाही. येतो, पण भलत्याच कारणाने.

मराठी शब्दकोश बरेच जण एक्स्टेन्शन (जोडून घ्यायचा पूरक भाग) म्हणून वेगळा बसवतात. बसवताना ‘फक्त माझ्यासाठी’ निवडलं असेल तर तो राहतो प्रोफाईलच्याच फोल्डरात. प्रोफाईल गेली की शब्दकोशही गेला, मराठीची तपासणीच बंद, मग कोसळणार काय? दुसऱ्या दिवशी तेच एक्स्टेन्शन पुन्हा टाकलं की पहिले पाढे पंचावन्न.

सेफ मोडची ग्वाहीही तितकीच लंगडी. सेफ मोड तात्पुरत्या कोऱ्या प्रोफाईलवर चालतो. तिथे सगळं सुरळीत चाललं तर दोष जुन्या प्रोफाईलमध्ये आहे एवढंच कळतं. सेटिंग बिघडलंय, शब्दकोश बिघडलाय की दुसरंच एखादं एक्स्टेन्शन आडवं येतंय, हे कळत नाही. म्हणून आधी एक्स्टेन्शन मॅनेजरमधून (कंट्रोल, ऑल्ट आणि ई) सगळी एक्स्टेन्शनं बंद करा, एकेक चालू करा, दरवेळी रायटर पूर्ण बंद करून तोच परिच्छेद तपासा. दोषी सापडला की फक्त तोच काढा.

रफार
शास्त्र म्हणून मान्य, व्यवहार म्हणून अमान्य. संध्याकाळी पाचला पुस्तक छपाईला द्यायचं आहे आणि तुम्ही सांगताय एकेक एक्स्टेन्शन चालू-बंद करा! प्रोफाईल बाजूला काढायला दोन मिनिटं लागतात, आणि ‘उडवायची’ गरजही नाही.

विंडोजवर फोल्डर असा सापडतो: ॲपडेटा → रोमिंग → लिब्रेऑफिस → ४ → युजर. आवृत्ती ७ असो की २४, मधला आकडा ४ च राहतो. लिनक्सवर होम → डॉट कॉन्फिग → लिब्रेऑफिस → ४ → युजर. रायटर बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये ‘सॉफिस’ नावाची प्रक्रिया मागे रेंगाळत नाही ना ते बघा, आणि ‘युजर’चं नाव बदलून ‘युजर-जुना’ करा. पुढच्या वेळी रायटर कोरी प्रोफाईल तयार करतो. मग जुन्यातला ‘वर्डबुक’ फोल्डर उचलून नव्यात टाका, कारण ‘शब्दकोशात जोडा’ म्हणून जमवलेले शब्द त्यातल्या ‘स्टँडर्ड’ नावाच्या डिक फाईलमध्ये असतात. ‘ऑटोकर’ फोल्डरही आणा, नाहीतर स्वयंदुरुस्तीची यादी जाईल. काम सुरू. कारणमीमांसा रविवारी करा.

खिळाजोडारी
@रफार, नाव बदलण्याला माझी हरकत नाहीच. पण लोक ते करतात का? लोक मदत मेनूतून सेफ मोड उघडतात आणि शेवटचा पर्याय दाबतात. त्या खिडकीत रीसेटचे दोन प्रकार आहेत. ‘सेटिंग्ज आणि इंटरफेसमधले बदल’ हा सौम्य प्रकार, त्यात वर्डबुक शाबूत राहतं. ‘संपूर्ण युजर प्रोफाईल’ दाबलं की वर्डबुकसकट सगळं स्वाहा. एखाद्या कोशकाराने दोन वर्षं जमवलेली आडनावं, गावांची नावं, बोलीतले शब्द एका क्लिकमध्ये जातात, आणि सल्ला देणारा दुसऱ्या धाग्यावर गेलेला असतो.

पायका_१२
दोघेही शब्दकोशाभोवतीच फिरताय. कोसळतो म्हणजे नेमका कधी, हे आधी विचारा. तीन वेगळे क्षण आहेत.

शिफ्ट एफ ७ ने आपोआप तपासणी बंद करा. मग एफ ७ दाबून खिडकीतून तपासा. खिडकीतून संपूर्ण दस्त तपासून होत असेल आणि फक्त लाल रेघा चालू केल्यावरच कोसळत असेल, तर शब्दकोशापेक्षा चित्रणाचा संशय जास्त. नागमोडी रेघ काढणं हे ग्राफिक्सचं काम. आवृत्ती ७.० पासून विंडोजवर रायटर त्यासाठी स्किया ही चित्रण लायब्ररी वापरतो, आणि स्किया व्हल्कन या ग्राफिक्स-इंटरफेसमार्फत ग्राफिक्स ड्रायव्हरशी बोलतो. पर्याय → व्ह्यूमध्ये ‘स्किया सॉफ्टवेअर रेंडरिंगची सक्ती’ ही खूण करा, रायटर पुन्हा चालू करा. कोसळणं थांबलं तर ड्रायव्हर अद्ययावत करा, शब्दकोशाला हात लावू नका.

फक्त राइट-क्लिकला कोसळत असेल तर गोष्ट वेगळी. रेघ आली म्हणजे शब्द तपासून झाला आहे, आता सूचना शोधताना पाय घसरतोय. शब्द तपासणारं आतलं इंजिन म्हणजे हनस्पेल. शब्द चूक की बरोबर हे ठरवणारा त्यातला भाग वेगळा आणि सूचना काढणारा वेगळा. हनस्पेल १.७.० मधला, २०१९ साली सीव्हीई (सुरक्षादोषांच्या जागतिक यादीतला) क्रमांक मिळालेला, स्मृतीच्या चुकीच्या वाचनाचा दोष नेमका सूचनांच्या भागातला होता. अशा वेळी जुना रायटर नव्या आवृत्तीवर नेणं हाच उपाय. प्रोफाईल कितीही धुतली तरी इंजिन तेच राहतं.

तिसरा क्षण: दस्त उघडताक्षणी. त्याला बहुधा एखादा विशिष्ट परिच्छेद कारण असतो. दस्ताची प्रत काढा, निम्मा भाग कापा, तपासा, पुन्हा निम्मा. २०० पानांतून एका पानापर्यंत यायला आठ फेऱ्या पुरतात.

ओळतोड
@खिळाजोडारी यांच्या बाजूने, पण एक पायरी पुढे. एक्स्टेन्शन दोषी ठरलं म्हणून फेकून दिलं, तर मराठीला दुसरा शब्दकोश आणणार कुठून? ते दुरुस्त होतं.

एक्स्टेन्शनची ऑक्स्ट फाईल म्हणजे साधी झिप. नाव बदलून उघडा. आत दोन फाईली महत्त्वाच्या: डिक म्हणजे मूळ शब्दांची यादी, अफ म्हणजे प्रत्ययांचे नियम. हाताने शब्द घातलेल्या डिकमध्ये नेहमीची चूक पहिल्या ओळीत असते. तिथे शब्दांची अंदाजे संख्या हवी, नुसता आकडा. कोणीतरी यादी अकारविल्हे लावताना तो आकडा गाळून टाकतो आणि पहिल्या ओळीवर ‘अंक’ हा शब्द येऊन बसतो. अफमध्ये प्रत्येक प्रत्यय-गटाच्या मथळ्यावर पुढे किती ओळी आहेत ते लिहिलेलं असतं. मथळ्यावर १२ आणि खाली ११ ओळी, की टेबल बिघडलं.

रायटर हे तुम्हाला सांगत नाही, तो गप्प राहतो किंवा पडतो. टर्मिनलवर (हुकूम टाइप करायच्या खिडकीत) चालणारा हनस्पेल मात्र ओळ क्रमांकासकट तक्रार करतो. त्याला तोच शब्दकोश द्या, एक मजकूर फाईल द्या, दोन मिनिटांत निकाल. तिथेही कोसळला तर दोष शब्दकोशाचा किंवा इंजिनाचा. तिथे सुखरूप चालला तर रायटरच्या बाजूला शोधा.

रफार
म्हणजे डीटीपी करणाऱ्याने आता झिप फोडायची, नियम मोजायचे आणि टर्मिनल उघडायचं? तुमचा उपाय बरोबर आहे, पण तो शब्दकोश बनवणाऱ्यासाठी. वापरणाऱ्यासाठी एकच प्रश्न आहे, काम चालू कधी होणार.

अनुस्वार
‘कोसळतो’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचा रायटर कोसळलेला नसतोच. ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसलं, वीस सेकंद वाट पाहिली, टास्क मॅनेजरमधून मारला. हे गोठणं आहे आणि त्याचं मूळ मराठीच्या व्याकरणात आहे.

‘घर’ घ्या. सामान्यरूप ‘घरा’, मग घरात, घरातला, घरातल्या, घरातल्यांना, घरासमोर, घरासमोरच्या, घरासमोरच्याच. हनस्पेल शेवटून प्रत्यय सोलतो तो दोन थर. ‘समोर’, ‘च्या’, ‘च’ हे तीन झाले, शिवाय सामान्यरूपाचा आकार. म्हणून नियम लिहिणारा ‘समोरच्याच’ असे जोडप्रत्यय एकाच ओळीत घालतो आणि अफ फाईल फुगत जाते. याला कंटाळून काही जण नियम टाकून देतात आणि सगळी रूपं डिकमध्ये सरळ ओततात. २० हजार नामं आणि प्रत्येकी १०० रूपं धरली तरी २० लाख ओळी झाल्या. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, ‘घरासमोरच्या’ या एकाच शब्दाला ११ चिन्हं म्हणजे ३३ बाइट. ही अख्खी यादी स्मृतीत चढते. साध्या अदलाबदलीने सूचना सापडली नाही की हनस्पेल अक्षरगटांच्या साम्यावरून शोधायला सगळी यादी चाळतो. राइट-क्लिकला वीस सेकंद लागतात ते इथे.

अफमध्ये ‘मॅक्स एनग्रॅम सजेशन्स’ची ओळ शून्यावर आणली की ही चाळणी बंद होते. सूचना कमी येतील, पण मेनू लगेच उघडेल. आणि दोन मराठी शब्दकोश एकाच वेळी बसवले असतील तर एक काढा. रायटर दोन्ही लोड करतो आणि सूचना दोघांनाही विचारतो.

ओळतोड
@अनुस्वार, सपाट यादीला इतकं झोडपू नका. नियमांचा शब्दकोश ‘घरासमोरच्याच’ ओळखतो तसा कोणीही कधी न लिहिलेला शब्दही बरोबर ठरवतो. प्रूफ वाचणाऱ्याला ती ढिलाई महागात पडते. खऱ्या मजकुरातून काढलेली यादी जड असते, पण कडक असते.

अनुस्वार
कडक म्हणजे खोट्या लाल रेघांनी भरलेलं पान. पानावर ४० खोट्या रेघा असल्या की ४१ वी खरी चूक कोणाच्या नजरेला पडणार? शिवाय तुमची यादी ‘दऱ्या’पाशीच अडते. हा शब्द दोन पद्धतींनी साठवला जातो. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा शून्यरुंदी जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, यादीत एकच, म्हणून दुसऱ्याखाली रेघ. सपाट यादीवाले दोन्ही रूपं घालून यादी आणखी फुगवतात. अफमध्ये ‘आयकॉन्व्ह’ची एक जोडी घातली की आत येणारा शब्द तपासणीआधीच एका रूपात बदलतो.

ओळतोड
आयकॉन्व्ह सपाट यादीलाही चालतं. ते नियमांचं मोठेपण नव्हे. :)

जुनीमात्रा
जुन्या फाँटचे दस्त कोणी मोजतच नाही. युनिकोडपूर्व मराठी फाँटमधला मजकूर दिसतो देवनागरी, पण आत बहुतेक इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. त्यावर इंग्रजी तपासणी सुटते आणि जवळपास प्रत्येक शब्द चूक निघतो. वर्डमध्ये याच कारणाने ‘चुका फार झाल्या, दाखवता येत नाहीत’ असा निरोप येतो. रायटरमध्ये हजारो रेघा आणि रखडणं.

इथे लोक भाषा ‘काही नाही’ करतात आणि फरक पडत नाही म्हणून वैतागतात. कारण रायटर प्रत्येक मजकुराला लिपीगटाप्रमाणे वेगवेगळ्या भाषा लावतो, पाश्चात्त्य लिपीसाठी एक, संमिश्र लिपीसाठी वेगळी. मराठी संमिश्रच्या खान्यात, पण जुन्या फाँटचा मजकूर पाश्चात्त्यच्या. तेव्हा कॅरेक्टर खिडकीत पाश्चात्त्य फाँटखालची भाषा ‘काही नाही’ करा. कायमचा उपाय अर्थात युनिकोडमध्ये रूपांतर.

पायका_१२
वर्डचा विषय निघालाच आहे म्हणून: तिथे कंट्रोल दाबून धरून वर्ड उघडा, सेफ मोड मिळतो. त्यात तपासणी नीट चालली तर ॲड-इन्स किंवा नॉर्मल टेम्प्लेट. नाही चालली तर ऑफिसची क्विक रिपेअर, मग ऑनलाइन रिपेअर. वर्डचा वैयक्तिक शब्दकोश ॲपडेटा → रोमिंग → मायक्रोसॉफ्ट → यूप्रूफमध्ये असतो, दुरुस्तीआधी त्याची प्रत काढा. पुढचं वर्डवाल्यांनी वेगळा धागा काढून बोलावं.

खिळाजोडारी
@रफार, एक मधली वाट सुचवतो. प्रोफाईल बाजूला काढा, पण त्याआधी तीस सेकंद इव्हेंट व्ह्यूअरला (विंडोजच्या घटना-नोंदवहीला) द्या. विंडोज लॉग्ज → ॲप्लिकेशन, ‘ॲप्लिकेशन एरर’, क्रमांक १०००. त्यात ‘फॉल्टिंग मोड्यूल’ अशी ओळ असते. नावात ‘स्पेल’ दिसलं तर शब्दकोश किंवा हनस्पेल. ‘स्किया’ किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचं नाव दिसलं तर @पायका_१२ यांचा रस्ता. ‘एनटीडीएलएल’ (विंडोजचाच एक मूळ भाग) दिसलं तर त्यातून काही ठरत नाही, ते सगळ्यांच्याच मुडद्यावर सापडतं. लिनक्सवर सॉफिस ‘बॅकट्रेस’ पर्यायासह चालवलं की जीडीबी या डीबगरची (दोष शोधणाऱ्या साधनाची) नोंद फाईलमध्ये मिळते.

रफार
तीस सेकंद मंजूर. पण नावात ‘स्पेल’ दिसलं तरी मी आधी फोल्डरचं नावच बदलणार, आणि शब्दकोशाचं एक्स्टेन्शन पुस्तक छापखान्यात गेल्यावरच परत टाकणार. तोवर मराठीची तपासणी डोळ्यांनी.

ओळतोड
मग परत टाकताना त्या डिकची पहिली ओळ तेवढी बघा.